बांधावरचं पिवळं

२१ मे

मित्सुयो,

पत्राची सुरुवात हवेपासून करायची असते, एवढी रीत मलाही कळते. तर हवा बरी आहे. डोंगरावरचं बर्फ वितळतंय, भाताची खाचरं पाण्याने भरलीत आणि बेडकांनी कान किटवलेत. झालं. आता मुद्द्याचं.

परवा त्सुनेओ दारात आला. हल्ली वस्तीचा प्रमुख तोच आहे, आणि प्रमुख झाल्यापासून चालतानाही हात मागे बांधून चालतो. म्हणाला, "हात्सुए-सान, तुमच्या शेजारणीच्या मुलाचा चिबाहून फोन होता. ऑगस्टअखेर घराचं ठरवणार म्हणे. ठेवायचं की पाडायचं."

मी म्हटलं, "मला काय त्याचं?"

तो गेला आणि मी दुपारभर तुझ्या बंद खिडक्यांकडे बघत बसले. अठ्ठेचाळीस वर्षं आपण शेजारी. एकाच वसंतात लग्न होऊन या वस्तीत आलो. आणि दोन वर्षांपूर्वीच्या शरदात तू सामान बांधून मुलाकडे निघून गेलीस, मला एका शब्दानेही न सांगता. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. नव्या वर्षाचं कार्ड दोनदा पाठवलं, त्यालाही उत्तर नाही. असो. मी रागावलेली नाही.

घर पाडू देऊ नकोस. परत ये. एवढंच सांगायचं होतं, बाकी सगळ्या गप्पा.

गप्पांतली एक: नदीचा बांध पिवळाधमक झालाय. यंदा पुलापासून पार पाणचक्कीपर्यंत. लोक गाडी थांबवून फोटो काढतात. तू म्हणशील, "अजून तेच का?" तर हो, तेच. पिवळा कॉसमॉस. मी सभेतही तेच म्हटलं होतं आणि आजही तेच म्हणते. कोणीतरी फोटो काढून कचेरीत तक्रार केलीय आणि पुढच्या आठवड्यात तिथून कोणी बघायला येणार आहे. तू तर नाही ना कळवलंस? चिबात बसून तुला दुसरे उद्योग नसतील म्हणून विचारलं.

आणि ते गवतकापणीचं जे झालं, त्याचा राग धरून बसू नकोस. सूचनांची फळी प्रत्येकाचा शिक्का घेत घरोघर फिरते, कधी कुठे अडकत असेल. माणसं आहेत, चुका व्हायच्याच.

हात्सुए

२८ मे

मित्सुयो,

खूश हो. आज मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले.

कचेरीतून मोमोसे नावाची बाई आली होती. चाळिशीची, गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात भिंग. मला वाटलं होतं कोणी फाईलवाला येईल, लांबून बघेल आणि जाईल. ही तर सरळ बांधावर फतकल मारून बसली. त्सुनेओ होता, दूधवाले कामेइ होते, मी होते.

"आजी, ही कोणी लावली?" तिने विचारलं.

"मी लावली," मी म्हटलं. "एकतीस वर्षांपूर्वी. बी गावानेच वाटलं होतं, आणि मानपत्रही गावानेच दिलंय. घरी भिंतीवर आहे, बघायचं तर चला."

"नाही नाही, तुमचा दोष नाही. तेव्हा सगळीकडेच लावायचे."

"मग आता काय झालं? साधा पिवळा कॉसमॉस आहे."

तिने वाद घातला नाही. तेच जास्त लागलं मला. एका झाडाच्या बुडाशी हात घालून तिने खालचं पान बाहेर काढलं आणि माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. "हे बघा आजी. पान लांबट, चमच्यासारखं, कड अखंड. कॉसमॉसचं पान कातरलेलं असतं. आणि ही लव लागतेय का बोटाला? दोन्ही बाजूंना आहे. आता सांगा, कॉसमॉस फुलतो कधी?"

मी बोट काढून घेतलं.

"जुलैनंतर, उन्हाळा चढल्यावर," कामेइ मध्येच बोलले. त्यांना कोणी विचारलं होतं?

"आणि हा मे महिना आहे," ती म्हणाली. "शिवाय दरवर्षी बी टाकता का तुम्ही?"

वीस वर्षांत मी मूठभर बी टाकलेलं नाही. मुळापासून आपोआप फुटतंय ते.

मग तिने नाव सांगितलं. एवढं लांब की एका श्वासात पुरत नाही, आपण नुसतं किनकेई म्हणू. अमेरिकेतून आणलेलं झाड. लावायला बंदी, पेरायला बंदी, जिवंत रोप इथून तिथे न्यायलाही बंदी, आणि ही बंदी आजची नाही, कधीची आहे. नदीकाठी पूर्वी नादेशिको फुलायची ना, गुलाबी, झालरीच्या पाकळ्यांची? ती म्हणाली, या पिवळ्याने तिला जागाच ठेवली नाही. तिने पुलाखाली शोधलं, एक रोप मिळालं नाही.

ऑगस्टात, पितरांच्या दिवसांत, तू त्या नादेशिको नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवायचीस. मग एका वर्षी बाजारातून शेवंती आणायला लागलीस. मी कारणही विचारलं नव्हतं.

त्सुनेओ कपाळावर हात मारून म्हणाला, "अरेच्चा! मित्सुयो-सान अगदी हेच सांगत होत्या की! पान, लव, मे महिना, सगळं!"

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, गॅसवर भाजी आहे, आणि घरी आले. भाजीबिजी काही नव्हती.

कोणाचीही चूक होऊ शकते, मित्सुयो. फुलं सारखीच दिसतात.

हात्सुए

३ जून

मित्सुयो,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे.

सांगायचं जिवावर येतंय, पण सांगते. दोन वर्षांपूर्वी तू माझ्या स्वयंपाकघरात आली होतीस, वर्तमानपत्राचं कात्रण आणि एक पान घेऊन. म्हणालीस, "हात्सुए, तूच सभेत सांग. तू लावलंस, तूच काढलंस, तर तुझाच मान राहील." मी कात्रण वाचलंही नाही असं दाखवलं. चहा दिला आणि विषय बदलला. तू गेल्यावर मी बांधावर गेले, पान उजेडात धरून बघितलं, बोट फिरवलं. लव होती. मला त्याच दिवशी कळलं, मित्सुयो.

मग दहा दिवसांनी सभेत तूच उठून सांगितलंस, तेही किती हळू आवाजात, माझं नाव न घेता. आणि मी उठून म्हटलं, "काहींना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही." लोक हसले. तू बसलीस. मला वाटलं, जिंकले.

का केलं असं? तुला माहीत आहे, तरी लिहिते. मी या वस्तीत आले तेव्हा मी कोण होते? 'वरच्या घरची सून.' सासू मेली तरी 'वरच्या घरची सून.' अर्ध्या वस्तीचं आडनाव कारासावा, त्यामुळे आडनावानेही कोणी हाक मारायचं नाही. ती फुलं फुलली आणि मग लोक म्हणायला लागले, 'फुलवाल्या हात्सुए-सान.' शेजारच्या गावातल्या बायका बस करून बघायला आल्या होत्या, आठवतं? मी त्यांना नाकतोडे खायला घातले, सोया-साखरेत शिजवलेले, आणि त्यातली एक किंचाळली होती. किती हसलो होतो आपण! पेरलं आपण दोघींनी, पण माझ्यावर कॅमेरा आला तेव्हा तू मागे सरकलीस आणि मला पुढे ढकललंस.

कोणी ते नाव काढून घेईल या भीतीने माझं डोकं फिरलं होतं. दुसरं कारण नाही.

रविवारी सगळं उपटायचं ठरलंय. बी धरायच्या आत. मुळासकट काढायचं, पिशवीत भरायचं, तोंड बांधायचं आणि पिशव्या तिथेच बांधावर उन्हात तीन दिवस ठेवायच्या, आतलं पुरतं मरेपर्यंत. मेल्याशिवाय जागचं हलवायचं नाही असा नियमच आहे.

येशील का रविवारी? नाही येणार. उगीच लिहिलं.

हात्सुए

९ जून

मित्सुयो,

झालं. बांध उघडाबोडका दिसतोय. सत्तेचाळीस पिशव्या. मला कोणी थांब म्हणालं नाही आणि ये म्हणालं नाही. मी पुलाच्या टोकाला एकटीच उपटत होते. मुळं धरून बसतात गं, हाताला ओढ देतात. त्सुनेओची बायको जवळ आली आणि म्हणाली, "हात्सुए-सान, तुम्ही नसतं केलं तरी चाललं असतं." म्हणजे तिला वाटलं मी रडतेय. मी खरंच रडत होते, पण फुलांसाठी नाही.

दहा वाजता सगळे चहाला बसले. काकडीचं लोणचं होतं, माझं नव्हे, यंदा मला कोणी आणायला सांगितलं नाही. त्सुनेओ म्हणाला, "काही म्हणा, मित्सुयो-सानचं बरोबर होतं. पण म्हणून त्या वर्षी गवतकापणीला यायचं नाही? सूचना वाचून, शिक्का मारून, वर घरात बसायचं? हे काही मला पटलं नाही बुवा."

"बरोबर असलं तरी वागणं चुकलंच," कामेइ म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी कपात बघत बसले. उपटून मोकळी झाले असं वाटत होतं, ते तिथेच संपलं.

आता ऐक. फळी अडकली नव्हती. पहिल्या पत्रात मी लिहिलं ते साफ खोटं होतं.

सभेनंतरच्या आठवड्यात फळी माझ्याकडे आली. वर कापणीची सूचना होती: रविवार, सकाळी सहा, प्रत्येक घरातून एक माणूस. मी वाचली, माझ्या चौकोनात शिक्का मारला. पुढचं घर तुझं. मी चपला घातल्या, तुझ्या फाटकापर्यंत आले. आतून तुझ्या रेडिओचा आवाज येत होता. अंगाचा नुसता तिळपापड होत होता माझ्या. आणि मग मी परत घरी गेले, शिक्का घेतला, आणि तुझ्याही चौकोनात मारला. शिक्क्यावर नुसतं आडनाव. तूही कारासावा, मीही कारासावा. कोणाला कळणार? आणि फळी नेऊन कामेइंच्या दारात ठेवली.

एवढंच वाटलं होतं, एक दिवस तिलाही कळू दे लोकांसमोर खाली मान घालणं काय असतं.

रविवारी तू आली नाहीस. सहा वाजता नाही, सात वाजता नाही. या वस्तीत तापात असलं तरी माणूस विळा घेऊन उभं राहतं आणि मग घरी जातं, हे तुला माहीत, मला माहीत. लोक कुजबुजायला लागले. मी म्हटलं, "आपल्याला सगळ्यांना गुन्हेगार ठरवल्यावर आता आपल्याबरोबर गवत कशाला कापेल ती?" हे माझेच शब्द. नऊ वाजता तू धावत आलीस, केस न विंचरता, गवत कापायचं यंत्र तुझ्या घराजवळ पोचल्याचा आवाज ऐकून. "मला सूचनाच मिळाली नाही," म्हणालीस. त्सुनेओने फळी दाखवली. "हा काय तुमचा शिक्का."

तू बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग कमरेत वाकून सगळ्यांची माफी मागितलीस.

मी तिथेच होते. हातात विळा होता.

मी सांगणार आहे त्यांना. पुढच्या रविवारी सभा आहे. तुला हे आधी लिहून ठेवते म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

हात्सुए

२० जून

मित्सुयो,

सांगितलं.

त्सुनेओ पाण्याच्या पंपाबद्दल बोलत होता. मी उठून म्हटलं, "दोन वर्षांपूर्वीच्या कापणीच्या फळीवर मित्सुयोच्या चौकोनात शिक्का मी मारला होता. तिला सूचना मिळालीच नव्हती. आणि फुलाचंही मला आधीपासून माहीत होतं." घरी आरशासमोर चांगलं मोठं बोलून बघितलं होतं, पण तिथे एवढंच निघालं.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. कामेइ चष्मा पुसत बसले. त्सुनेओ म्हणाला, "मग त्यांनी माफी का मागितली?" मी म्हटलं, "ते मला नाही माहीत." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी त्यांना लोकांसमोर बोललो होतो. माझ्या आईच्या वयाच्या बाईला." मग पंपाचं पुढे सुरू झालं.

संध्याकाळी त्याने तुझ्या मुलाला फोन केला, वस्तीच्या वतीने माफी मागितली. तुला कळलं असेलच. त्याच्या बायकोने मला सांगितलं, कुंपणापलीकडून, आत न येता.

आता सगळे माझ्याशी फार नीट वागतात. फळी दाराशी ठेवून जातात, हाक मारत नाहीत. दुकानात जागा करून देतात. काल पोस्टमन सोडून दिवसभर मी कोणाशी बोलले नाही, आणि तोही पुढच्या घरी जायला निघालेला. मी टीव्हीला उत्तरं द्यायला लागलेय. बातमीवाला "शुभ संध्याकाळ" म्हणतो आणि मी "हो, हो" म्हणते. हसू नकोस. बरं, हस.

तक्रार करत नाहीये. मी पेरलंय ते मलाच काढायला हवं. पण तुझ्या नावावरचा डाग निघालाय, मित्सुयो. कोणीही आता काही बोलणार नाही. घर तसंच उभं आहे. पन्हळ मी साफ करून घेतली. तू उद्या आलीस तरी राहता येईल. मला बोलली नाहीस तरी चालेल, पलीकडे दिवा लागलेला दिसला तरी मला पुरे.

ये गं.

हात्सुए

३० जून

मित्सुयो,

तुझं कार्ड आलं. दारातच उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. किती थोडं लिहितेस! पाठच झालंय.

'हात्सुए, सगळी पत्रं पोचली. शिक्का तुझा आहे हे मला फळी बघितल्याबरोबर कळलं होतं. तुझ्या शिक्क्याची खालची कड उडालेली आहे. कित्येक वर्षं माझ्या चौकोनाच्या शेजारी बघत आलेय. मी वाट बघितली. तू तीन पावलांवर होतीस. तू काहीतरी बोलशील म्हणून मी पुष्कळ वेळ वाकून राहिले. मग उन्हाळाभर वाट बघितली. आता लिहू नकोस. घर पाडायला मी होकार दिला आहे.'

म्हणजे तू मला वेळ देत होतीस. आणि मला वाटलं होतं तू हरलीस म्हणून वाकलीस.

तू नुसतं म्हणाली असतीस, "हा शिक्का हात्सुएचा," तर मी या वस्तीत एक दिवस राहू शकले नसते. तू ते गिळलंस आणि माझ्याऐवजी तू गेलीस. आणि मी दोन वर्षं तुझ्यावर रुसून बसले, कार्डाला उत्तर नाही म्हणून! माझ्यासारखी बावळट बाई शोधून सापडायची नाही.

घराबद्दल काही म्हणणार नाही. घर तुझं आहे. पाडायला येतील तेव्हा मी बाहेर उभी राहीन, कोणीतरी असायला हवं.

हे शेवटचं पत्र. लिहू नकोस म्हणालीस, तर नाही लिहिणार. पण येऊ नकोस असं काही तू लिहिलेलं नाहीस. मी कार्ड उलटसुलट करून बघितलं, कुठेही नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातची बस आहे, शिंजुकुला दुपारी पोचते. तिथून चिबाला जायला गाडी कशी बदलायची ते त्सुनेओच्या बायकोने कागदावर लिहून दिलंय. तिने स्वतःहून दिलं, आत येऊन, चहाही प्यायली. पंचाहत्तरीला आलेय, आणि एकटी एवढ्या लांब कधी गेलेली नाही. चुकले तर कोणाला तरी विचारीन. चार वाजेपर्यंत तुझ्या दारात येईन.

मुलाला बाहेर पाठवू नकोस, गोड बोलून मला वाटेला लावायला. तूच दार उघड, आणि मला शिव्या घाल. जेवढ्या दोन वर्षं पोटात ठेवल्यास तेवढ्या सगळ्या घाल. शेजारपाजारचे ऐकतील तर ऐकू देत. तू गेल्यापासून मला "ए हात्सुए" म्हणून कोणी रागावलेलं नाही.

हात्सुए